गार पाणी दाताला कळतं कसं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षाला मी दातांची सूक्ष्मरचना शिकवते, हे कळलं की लग्नाची पंगत असो वा एसटीचा प्रवास, प्रश्न ठरलेला: "मॅडम, दात किडलेला नाही, हलत नाही, तरी गार पाण्यानं शिवशिवतो. एवढा दगडासारखा दात, त्याला गार कळतं कसं?"

हिरडी खाली गेलीय, डेंटिन उघडं पडलंय, एवढं सांगून भागतं. पण मग डेंटिन म्हणजे काय, हे राहूनच जातं, आणि मला ती रुखरुख लागते.

दगडासारखं असतं ते वरचं एनॅमल. वजनानं जवळजवळ 96 टक्के खनिज. ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतानाच नाहीशा होतात, म्हणून एनॅमल एकदा गेलं की शरीर ते पुन्हा बनवू शकत नाही. त्याच्या आत, दाताचा बहुतेक भाग व्यापून, डेंटिन असतं. रंगानं पिवळसर. दाताचा स्वतःचा रंग मुख्यतः तोच, त्यामुळे किंचित पिवळट दात म्हणजे घाणेरडा दात ही समजूत कृपा करून सोडून द्या.

डेंटिनमध्ये वजनानं साधारण 70 टक्के खनिज, 20 टक्के सेंद्रिय भाग आणि 10 टक्के पाणी. सेंद्रिय भागात बहुतांश कोलॅजन, म्हणजे त्वचेत आणि हाडात असतं तेच. वर्गात आम्ही काढलेला दात सौम्य आम्लात काही दिवस ठेवतो. एनॅमल विरघळून जातं, डेंटिनमधलं खनिजही जातं, पण दाताचा आकार तसाच राहतो आणि तो बोटांनी वाकवता येतो. दरवर्षी कोणीतरी तो हातात घेऊन गप्प उभं राहतं. चावताना एनॅमल तडकत नाही, कारण त्याच्या खाली हा चिवटपणा असतो.

आता खरी गोष्ट. डेंटिन भरीव नाही. दाताच्या मधोमध असलेल्या मऊ, जिवंत गरापासून बाहेरपर्यंत त्यात बारीक नळ्या जातात. गराजवळ एका चौरस मिलिमीटरमध्ये 45,000 किंवा त्याहूनही अधिक, बाहेरच्या कडेला 20,000 च्या आसपास. गराजवळ नळीची रुंदी अडीच मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), बाहेर एकाहून कमी. त्या कशा तयार होतात ते समजलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

आईच्या पोटात बाळाच्या जबड्यात दाताचा कोंब धरतो तेव्हा पेशींचे दोन थर समोरासमोर येतात. बाहेरच्या थराकडून इशारा मिळतो आणि आतल्या थराच्या कडेच्या पेशी डेंटिन घडवणाऱ्या पेशी होतात. त्यांना ओडोंटोब्लास्ट म्हणतात. आधी त्या डेंटिनचा पहिला थर घालतात, मगच समोरच्या पेशी एनॅमल घालायला लागतात. घर सारवणारी बाई कशी मागे मागे सरकत दाराकडे येते, तशी ही पेशी आधी कोलॅजनचं मऊ जाळं विणते, मागे गराकडे सरकते, आणि मागाहून त्या जाळ्यात खनिज भरतं. फरक इतकाच की सरकताना ती आपली एक लांब शेपटी तिथेच ठेवते. शेपटीभोवती डेंटिन घट्ट होतं आणि नळी उरते. वेग दिवसाला सुमारे 4 मायक्रॉन. म्हणजे एक मिलिमीटर जाडीला आठ महिने. जागा आत आत अरुंद होत जाते, पेशींची दाटी होते, म्हणून दाताच्या वरच्या भागात नळ्या इंग्रजी एस अक्षरासारख्या वळतात.

काम संपल्यावर ही पेशी मरत नाही. गराच्या कडेला ती जन्मभर बसून असते, आणि नळीत पाण्यासारखा द्रव असतो. एनॅमल किंवा हिरडी हटली की नळ्यांची तोंडं उघडी पडतात. गार पाण्यानं तो द्रव बाहेरच्या दिशेनं सरकतो. गोड त्याला बाहेर खेचतं. वाऱ्याच्या झोतानं तो सुकतो. मज्जातंतू नळीच्या आतल्या टोकापाशीच असतात, त्यांना ही ओढ जाणवते आणि कळ येते. 1960 च्या दशकात स्वीडनचे दंतसंशोधक ब्रॅनस्ट्रॉम यांनी हे प्रयोगांनी उभं केलं. तेव्हा दाताला मुख्यतः थंडी नव्हे, नळीतल्या द्रवाची हालचाल कळते. घोट गिळल्यावर कळ क्षणात थांबली तर ती ही. रेंगाळत राहिली, रात्री ठणका लागला, तर गर सुजलेला असू शकतो. मग घरी बसू नका.

उलटा प्रश्नही येतो: म्हाताऱ्या माणसांचे दात पार झिजलेले, तरी त्यांना कसं काही होत नाही?

माझ्या आजीचे तसेच होते. जात्यावरच्या पिठातली कच आणि सकाळ-संध्याकाळ मिश्री. दाढा सपाट, तपकिरी, एनॅमल मध्यभागी नावालाही नाही. तरी माठातलं पाणी ती घटाघटा प्यायची. याउलट दणदण ब्रश घासून हिरडीजवळ खाच पाडून घेतलेली पंचविशीतली मुलं गार घोट घेताच गाल धरतात. झीज सावकाश असली तर पेशींना वेळ मिळतो. नळ्या आतून खनिजानं बुजत जातात, आणि गराच्या बाजूनं डेंटिनचा नवा थर चढतो. (मिश्री चांगली असा अर्थ कुणी काढू नका. ती तंबाखू आहे, तिनं तोंडाचा कॅन्सर होतो. मी ती घरात थांबवू शकले नाही, हे मला अजून सलतं.)

मी पहिल्या वर्षाला असताना आजीची एक दाढ हलून पडली. तिनं ती धुऊन, फडक्यात बांधून माझ्यासाठी ठेवली. "घे, तुझ्या कॉलेजात चालेल." मी ती दगडावर घासून घासून कागदाइतकी पातळ केली आणि काचपट्टीवर लावली. ती काचपट्टी मी अजून वर्गात दाखवते. झिजलेल्या पृष्ठभागाखाली डेंटिन काचेसारखं पारदर्शक दिसतं, कारण तिथल्या नळ्या भरून गेल्यात. आणि त्याच्या बरोब्बर खाली, गराच्या तोंडाशी, वेड्यावाकड्या मोजक्या नळ्यांचा जाड थर आहे. आजी भाकरी चावत होती, तेव्हा आतून घातलेला.