मोटरहोमला हेवी ड्युटी शॉकअप : फोंडा–मोले–अनमोड, आणि 'फुल्ल हार्ड'चा फटका

आधीच सांगते, शॉकअप (शॉक अ‍ॅबसॉर्बर) चांगले आहेत. सेटिंग चुकीचं होतं, आणि ते करून देणाऱ्याने त्याचे वेगळे ४,००० रुपये घेतले. प्रत्येक शॉकअपवर कडक-सैल करायचा एक, असे चार नॉब फिरवायचे, दहा मिनिटांचं काम. गाडी टेम्पो ट्रॅव्हलरच्या चॅसीवरची, आत बेड, किचन आणि मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे १२० लिटरची पाण्याची टाकी. "ताई, वजनदार गाडी आहे, फुल्ल हार्डच ठेवा, काही बघावं लागणार नाही," असं तो म्हणाला आणि आम्ही विश्वास ठेवला.

गोव्यातल्या फोंड्याहून सकाळी सहाला निघालो, तिस्कपर्यंत छान. धारबांदोडा सोडल्यावर मोलेच्या अलीकडे एका ठिकाणी ओळीने रंबलर (रस्त्यावरच्या उंचवट्याच्या पट्ट्या) लागले, आणि सगळी ट्रिप मला तेवढ्याच शंभर मीटरसाठी लक्षात राहिलीय. पहिल्या पट्टीला काही नाही, दुसरीला थोडं, चौथी-पाचवीला मागून धाडकन आवाज आला, वरच्या कपाटाचा लॅच उघडून कुकर खाली आला आणि झाकणाची कड वाकली. नवऱ्याला वाटलं शॉकअप मऊ पडतायत. मलाही तसंच वाटलं, आणि इथेच सगळे फसतात.

मोलेला गाडी बाजूला घेऊन खाली वाकून बघितलं तर मागच्या बंप रबरवर (अ‍ॅक्सल वर आपटू नये म्हणून चॅसीला असतो तो रबर) नाण्याएवढा चकचकीत डाग, लोखंड आपटल्याचा. या शॉकअपचा नॉब रिबाउंडचा आहे, म्हणजे दबलेला पाटा (गाडीची लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग) किती वेगाने परत सरळ होणार ते ठरवणारा. तो फार आवळला की पाटा सरळ व्हायच्या आत पुढची पट्टी येते, दर पट्टीला गाडी थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटी अ‍ॅक्सल रबरवर आपटतो. म्हणजे आपटतेय म्हणून अजून आवळलं तर अजून आपटणार.

मग तोच तुकडा आम्ही सहा वेळा केला, ३० च्या स्पीडने, येऊन-जाऊन, मागून ट्रकवाले हॉर्न मारतायत. शॉकअपच्या रॉडला एक केबल टाय बांधला, दाबला गेला की तो सरकतो आणि तिथेच राहतो, शॉकअप किती दाबला गेला ते समोर दिसतं. (रॉडवर कव्हर असेल तर हे जमत नाही, मग बंप रबरला ग्रीस लावा आणि समोर उमटतं का बघा.) एका वेळी एकच अ‍ॅक्सल, दोन्ही बाजू सारख्या, दोन-दोन क्लिक, आणि वहीत लिहायचं. लिहिलं नाहीत तर तिसऱ्या फेरीनंतर डोकं चालत नाही, माझं चाललं नाही. आमच्या नॉबला १२ क्लिक, १२ म्हणजे फुल्ल हार्ड; मागे ७ वर आवाज बंद झाला.

उत्साहात मागे ३ पर्यंत सैल करून अनमोड घाट चढलो, ती चूक. वळण संपल्यावरही गाडी दोनदा डुलायची, पोटात कालवायला लागलं. मागे परत ७, आणि आता तिथेच आहे. घाट उतरून मोलेला चारही शॉकअपजवळ हात नेऊन बघितला, तीन चांगले कोमट आणि पुढचा डावा जवळजवळ गार. कोमट म्हणजे काम करतोय, कारण धक्क्याची ताकद तेलात उष्णता होऊनच जिरते. गार असलेल्याचा नॉब दुकानात फिरवलाच नव्हता, सगळा सैल होता! चार नॉबचे पैसे घेऊन तीन फिरवले. मग पुढचे दोन्ही ५ वर घेतले.

पुढे करमल घाटातून काणकोणला गेलो, दोन दिवस पाळोळ्याला, मजा आली, लिहिण्यासारखं काही नाही.

आता जाणाऱ्यांसाठी. टायरची हवा सकाळी गार टायरवर चेक केल्याशिवाय नॉबला हात लावू नका, नाहीतर हवेचा दोष शॉकअपवर जातो. वजनकाट्यावर दोन्ही अ‍ॅक्सल वेगवेगळे करा, आणि टाकी भरून करा. आमची टाकी भरली की मागे १२० किलोपेक्षा जास्त वाढतं, कारण टाकी अ‍ॅक्सलच्या मागे लटकते आणि पुढचा भार उचलते. रिकाम्या टाकीवर केलेलं सेटिंग फुकट. मागून गाडी बसलेली असेल तर अशा शॉकअपने वर येणार नाही, कितीही महाग घ्या, वजन पाटेच उचलतात, तिथे एक्स्ट्रा पाटा किंवा पाट्याला आधार देणारी हवेची बॅगच लागते. 'हेवी ड्युटी घातले की उंची वाढते' हे दोन दुकानांत ऐकलं, अशा शॉकअपबद्दल ते खोटं आहे.

सेटिंग चार्ज देऊ नका. नॉब कुठे आहे आणि कुठल्या बाजूला फिरवल्यावर कडक होतं एवढं विचारा, बाकी रस्त्यावरच कळतं. आणि शॉकअपचे खालचे बोल्ट घरी आल्यावर चाकं जमिनीवर असताना परत आवळा, आमचा मागचा उजवा जवळजवळ पाव फेरा फिरला.