बंड्याला मुंबईला का नाही पाठवलं?

बंड्या आमचा कुत्रा. मुंबईहून त्याच्यासाठी काम आलं होतं. भेटेल तो विचारतो, म्हणून एकदाच लिहिते. इंदूरच्या सुदामा नगरातल्या शेजाऱ्यांपासून मावशीपर्यंत सगळ्यांचं एकच म्हणणं: चालून आलेली लक्ष्मी परत पाठवलीत.

कुत्र्याला कॅमेऱ्यासमोर बसवायची हौस माझीच होती. १९९४ साली 'हम आपके हैं कौन'मधला टफी बघितला तेव्हापासूनची. तो इंडियन स्पिट्झ जातीचा कुत्रा, आमचा बंड्याही त्याच जातीचा. 'बस', 'थांब', 'शोध' मी त्याला पनीरचे तुकडे देऊन शिकवलं. बाबा काठीला मोबाइल बांधून अंगणात शूटिंग करायचे आणि आतून आई ओरडायची, "पोहे गार झाले!"

मग महेश्वरला एका सिनेमात काम मिळालं. कागद चोख होते. प्राण्यांकडून काम करून घेण्याच्या २००१च्या नियमांप्रमाणे जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी होती, पशुवैद्याचा दाखला होता.

प्रसंग विनोदी होता. घाटावरच्या गर्दीत हरवलेल्या आजीला कुत्रा शोधतो. बंड्या शिकवल्याप्रमाणे शेपटी हलवत, मजेत शोधत होता. सिनेमावाल्यांना ते पटेना. मग आमच्या आईलाच लांब नेऊन गाडीत बसवायचं ठरलं, काचा वर करून. मला विचारलं होतं. मी हो म्हटलं.

बंड्या अहिल्या घाटाच्या पायऱ्या खालून वर, वरून खाली धावला. दिसेल त्या साडीच्या निऱ्या हुंगल्या. शेवटी पाण्याशी येऊन थांबला, कान पाडले आणि नर्मदेकडे तोंड करून जो आवाज काढला, तो आठ वर्षांत मी ऐकला नव्हता. लोक हसले. "ओके!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. आई आली तेव्हा तो तिच्या पायांवरच मुतला आणि थरथरत पदरात शिरला. इंदूरपर्यंतच्या ९० किलोमीटरांत माझ्याकडे त्याने पाठ केली होती.

आठवड्याने मुंबईहून फोन आला. मी नाही म्हटलं.

पैशाचं मला सांगू नका, बाबांची पेन्शन किती ते मला ठाऊक आहे. पण आई म्हणते, "अगं, त्याला आवडायचं ते." खरं आहे. शूटिंगचा दिवा लागला की तो आपणहून मान ताठ करून बसायचा, ते मी शिकवलेलं नव्हतं. मग टाळ्या वाजवणारी मी चुकले, की नाही म्हणणारी? दोघींचंही मला पटतं, दोघींचाही राग येतो.

परवा बाबांनी पुन्हा काठीला मोबाइल बांधला. बंड्या येऊन समोर बसला, मान ताठ. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला, तसा तो उठला आणि आई आहे ना, ते आत जाऊन बघून आला.