‘कॉटिलियन’ वाचननोंदी: सराईपासून परवान्यापर्यंत

इंग्रज लेखिका जॉर्जेट हेयरची, इंग्लंडच्या रीजन्सी काळात घडणारी कादंबरी ‘कॉटिलियन’ (1953) गटाने मिळून वाचली, तेव्हा टप्प्याटप्प्याने झालेल्या या नोंदी. शेवटच्या नोंदीत कादंबरीचा शेवट उघड केला आहे. ज्यांचं वाचन चालू आहे त्यांनी ती नोंद तूर्त सोडावी.

नोंद 1: आर्नसाइड ते सराई

आर्नसाइडच्या घरी राहणारा कंजूष म्हातारा पेनिक्युइक जाहीर करतो की, सांभाळलेली मुलगी किटी आपल्या नातवांपैकी एकाशी लग्न करेल तरच सगळी इस्टेट तिची. नातू म्हणजे भाच्यांची मुलं. किटी रक्ताच्या नात्यातली नाही, त्यामुळे लग्नाला अडचण नाही. वाचक अडखळतात ते नावांपाशी. लॉर्ड बिडेंडन, ह्यू आणि क्लॉड हे तिघे सख्खे भाऊ, आडनाव रॅट्रे. पण थोरल्याला किताब मिळालेला असल्याने त्याला कुणी रॅट्रे म्हणत नाही. आणखी एक नातू फ्रेडी स्टँडन, त्याचे वडील लॉर्ड लेगरवुड आणि लग्न झालेली बहीण लेडी बकहेवन. एका घरातली तीन माणसं, तीन वेगळी नावं. डॉल्फिंटन हा अर्ल, म्हणजे जमलेल्या नातवांत सर्वांत वरच्या दर्जाचा, पण आईच्या धाकाखाली चेंगरलेला.

उपाय साधा आहे. पहिल्याच बैठकीत चार रकान्यांचा तक्ता करावा: पाळण्यातलं नाव, आडनाव, किताब, घरात हाक मारतात ते नाव. ‘लॉर्ड’ पुढे जमिनीचं वा किताबाचं नाव आलं तर माणूस स्वतः किताबधारी, किंवा ड्यूक, मार्क्विस वा अर्लचा थोरला मुलगा. ‘लॉर्ड’ पुढे पाळण्यातलं नाव आलं तर तो ड्यूक किंवा मार्क्विसचा धाकटा मुलगा. एवढा एक नियम पाठ असला की हेयरच्या इतर कादंबऱ्यांतही गोंधळ होत नाही. तक्ता न करता पुढे गेलेल्यांना बिडेंडन हाही उमेदवार वाटला. तो विवाहित आहे, आणि तरी हजर झालाय, हीच त्या प्रसंगातली गंमत. ती हुकली की पूर्ण सुरुवात लांबलेली वाटते.

या भागाबद्दलची तक्रार, ‘माणसं फार, घटना कमी’, अर्धी खरी आहे. वेग येतो तो सराईत, किटी घर सोडून निघते आणि फ्रेडी तिला भेटतो तिथे.

नोंद 2: खोटी सोयरीक का चालते

किटीचा बेत असा: फ्रेडीशी खोटंच लग्न ठरवायचं, त्या निमित्ताने महिनाभर लंडनला जायचं, मग ठरलेलं मोडायचं. अनेकांना हा बेत पोरकट वाटतो. त्या काळचा रिवाज ठाऊक असेल तर तो चोख आहे. लग्न ठरल्यावर मुलीने नकार दिला तर थोडी कुजबुज होई. पुरुषाने माघार घेतली तर त्याच्यावर वचनभंगाचा दावा लागू शके आणि समाजात तोंड दाखवायला जागा उरत नसे. म्हणजे सोयरीक मोडायची किल्ली पूर्णपणे किटीच्या हातात, आणि फ्रेडी हे सगळं जाणून हो म्हणतो. त्याच्या चांगुलपणाची पहिली खूण इथे आहे. बहुतेकांच्या नजरेतून ती निसटते, कारण तो ते बोलून दाखवत नाही.

लंडनला फ्रेडीच्या आईकडे राहायचं ठरतं, पण धाकट्या भावंडांना गोवर. म्हणून मुक्काम बहीण मेगकडे. गोवराची ही योजना हेयरने फार हुशारीने केली आहे: कडक नजरेची आई बाजूला आणि देखरेखीला जेमतेम किटीच्याच वयाची मेग. पुढचे सगळे घोटाळे याच फटीतून आत येतात.

नोंद 3: काळ आणि पैसा

रीजन्सी म्हणजे कायद्याने फेब्रुवारी 1811 ते जानेवारी 1820, तिसऱ्या जॉर्जच्या वतीने युवराजाने कारभार पाहिला तो काळ. कथा वॉटर्लूच्या (जून 1815) पाठोपाठची. आपल्या इतिहासाशी जुळवून पाहायचं तर पुण्यात दुसरा बाजीराव अजून गादीवर आहे आणि खडकीची लढाई (नोव्हेंबर 1817) व्हायची आहे. हा खुंटा मारून ठेवला की व्हिक्टोरियाचा काळ आणि हा काळ यांची सरमिसळ होत नाही. आगगाडी नाही, पोस्टाचं तिकीट नाही. पत्राचे पैसे घेणाऱ्याने भरायचे.

पैशांचा हिशेब रुपयांत करू नये. तेव्हा मजुरी स्वस्त आणि कापड महाग होतं, त्यामुळे कुठलाही एक गुणक लावला तरी काहीतरी हास्यास्पद निघतं. 20 शिलिंगांचा पौंड, 21 शिलिंगांची गिनी, आणि घरकामाच्या मुलीचा वर्षाचा पगार दहा पौंडांच्या आसपास. तुलना या पगाराशी करावी. रोख्यांत गुंतवलेल्या रकमेवर 5 टक्के धरले तर 20,000 पौंडांचे वर्षाला 1,000 होतात. पात्रं ‘वर्षाला इतके’ अशी बोलतात, कारण मुद्दलाला हात लावायचा नाही हे गृहीत असतं.

नोंद 4: संगमरवरी मूर्ती

सर्वांत जास्त मतं पडली ती किटीला लंडन दाखवण्याच्या प्रसंगांवर. हातात मार्गदर्शक पुस्तिका धरलेला फ्रेडी लॉर्ड एल्गिनने अथेन्सहून आणलेल्या प्राचीन ग्रीक मूर्तींसमोर उभा राहतो. कुणाला मुंडकं नाही, कुणाला हात नाहीत. आपल्याला फसवलं असं त्याला मनापासून वाटतं. याच मूर्ती 1816 साली पार्लमेंटने 35,000 पौंडांना विकत घेतल्या आणि त्या खर्चावरून तेव्हा वादही झाला, हे माहीत असेल तर फ्रेडीचं बोलणं अडाण्याचं राहत नाही. तो त्या वेळच्या कितीतरी लंडनकरांच्या मनातलं बोलतो.

फ्रेडीच्या भाषेसाठी वेगळी वही करावी. तो कर्ता गाळतो, वाक्य अर्ध्यावर सोडतो. इंग्रजीत हे तुटक आणि मजेशीर वाटतं. मराठीत क्रियापदच पुरुष सांगतं, ‘जातो’, ‘बघतो’ हे रोजचं बोलणं. म्हणून जसंच्या तसं मराठीत आणलं की विनोद विरून जातो. उतारे मराठीत करून पाहताना कर्ता गाळून काही साधत नाही, क्रियापद गाळावं लागतं: ‘छे! तो कोट? या रंगात? अजिबात नाही.’ असं केल्यावर फ्रेडी ऐकू येतो. शब्दांच्या अर्थासाठी ग्रोसच्या 1785 च्या बोलीभाषेच्या कोशाची 1811 ची आवृत्ती पुरेशी आहे. दारू चढलेल्याला ‘फॉक्स्ड’ म्हणतात यासारखे बहुतेक शब्द तिथे सापडतात.

नोंद 5: शेवट (उघड)

पेनिक्युइकचा आणखी एक नातू जॅक वेस्टरुदर देखणा, हजरजबाबी, घोड्यावर पक्का. अशा कादंबऱ्यांचा ठरलेला नायक. ज्यांनी अर्ध्यापर्यंत त्याच्यावर पैज लावली त्यांचा विरस झाला, पण खुणा आधीपासून आहेत. किटी वाट पाहीलच या खात्रीने तो आर्नसाइडला येतच नाही, आणि किटीची लंडनमधली मैत्रीण ऑलिव्हिया ब्राउटी हिच्याबाबत त्याच्या मनात लग्न नाही. हलक्याफुलक्या पुस्तकातला हा काळा धागा आहे, आणि हेयरने तो पातळ केलेला नाही हे आम्हाला आवडलं. डॉल्फिंटनवरून मात्र मतभेद मिटले नाहीत. त्याच्या भीतीवर हसवणं काहींना टोचलं; त्याची प्रेयसी हॅना त्याला जशी सांभाळते त्यात भरपूर माया आहे, असं इतरांचं म्हणणं.

खरा कस लागतो तो शेवटच्या लग्नाला. ‘ह्यू स्वतः रेक्टर (चर्चचा पाद्री) आहे, मग डॉल्फ आणि हॅनाचं लग्न तिथल्या तिथे का लावत नाही?’ हा प्रश्न हमखास येतो. 1753 चा विवाह कायदा पाहावा. चर्चमध्ये सलग तीन रविवार घोषणा हवी किंवा परवाना हवा. साध्या परवान्यासाठी दोघांपैकी एकाचं त्या पॅरिशमध्ये (चर्चच्या हद्दीत) चार आठवडे वास्तव्य लागे. यातलं काहीच नसताना लग्न लावणाऱ्या पाद्र्याला 14 वर्षं हद्दपारी. उरतो कँटरबरीच्या आर्चबिशपचा खास परवाना. पळून आलेल्यांपैकी तो कुणालाच आठवत नाही. आठवतो फ्रेडीला, आणि तो खिशात घालूनच येतो. तलवार नाही, भाषण नाही, एक कागद. पुस्तकभर त्याला रीतभात तेवढी कळते म्हणून हसलेल्या सगळ्यांना इथे उत्तर मिळतं. त्यानंतर तो जॅकला एका ठोशात लोळवतो ते वरचं तूप.

नावाचा अर्थही इथेच उलगडतो. कॉटिलियन हा चार जोड्यांचा चौकोनी नाच, त्यात जोडीदार सतत बदलतात आणि फेरा पुरा झाला की प्रत्येकाची जागा ठरते. किटी-फ्रेडी, हॅना-डॉल्फ, ऑलिव्हिया-कमिल (किटीचा फ्रेंच नातेवाईक), अशा जोड्या लागतात. जॅक एकटा उरतो.

सराईतला पंच (दारूचं पेय) पिण्याचा प्रसंग मराठीत करणं अजून बाकी आहे. फ्रेडीची पहिली दहा वाक्यं झाली. किटीचं रडत रडत बोलणं अजून फार नाटकी होतंय.