पहिली कॉफी निवडताना आधी दुधाचे ठरवा

आमच्या नाशिकमध्ये बहुतेक घरांचा दिवस चहाने सुरू होतो. कॉफी होते ती उपवासाला, रात्री उशिरा आलेल्या पाहुण्यांसाठी किंवा लग्नघरात. भरपूर दुधात, भरपूर साखर आणि वरून किंचित जायफळ घालून. आता कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवरच्या कॅफेंमध्ये तरुण मंडळी बिनदुधाची कॉफी मागवू लागली आहेत, आणि ती आवडली की घरी करण्यासाठी कोणती कॉफी आणावी, असे मला नातेवाईक आणि शेजारी विचारतात. अशा वेळी मी कोणत्याही पाकिटाचे नाव सांगण्यापूर्वी एकच विचारतो : तुम्ही कॉफी दूध घालून पिणार आहात की दुधाशिवाय? कारण पुढची जवळजवळ प्रत्येक निवड या उत्तरावर अवलंबून असते.

बाजारातील कॉफी मुख्यतः दोन जातींच्या झाडांची असते. अरेबिका सुगंधी, सौम्य आणि थोडी आंबटसर असते. रोबस्टा अधिक कडू आणि दाट असते व तिच्यात कॅफिनचे प्रमाण अरेबिकाच्या जवळपास दुप्पट असते. हलक्या भाजलेल्या अरेबिकामध्ये फळांची आठवण करून देणारी जी नाजूक चव असते, ती कपभर म्हशीच्या दुधात आणि दोन चमचे साखरेत पूर्णपणे हरवते, आणि मग महाग पाकीट आणूनही कॉफी पाणचट लागते. दुधात टिकून राहायला थोडा कडूपणा आणि दाटपणा लागतो. म्हणून दुधाच्या कॉफीसाठी मध्यम ते गडद भाजलेली, थोडी रोबस्टा असलेली कॉफी घ्यावी. दुधाशिवाय पिणाऱ्याने मात्र मध्यम भाजलेल्या अरेबिकापासून सुरुवात करावी. अरेबिका म्हणजे चांगली आणि रोबस्टा म्हणजे हलक्या प्रतीची, असे सरसकट सांगितले जाते, ते मला मान्य नाही. खायची द्राक्षे आणि वाइनची द्राक्षे वेगळी असतात, त्यांतले एक वाण खोटे नसते, हे नाशिककराला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. भारतात पिकणाऱ्या कॉफीत रोबस्टाचाच वाटा मोठा आहे आणि झाडांच्या सावलीत वाढवून नीट धुऊन तयार केलेली आपल्याकडची रोबस्टा उत्तम असते.

यानंतर पाहायची ती पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे. दक्षिणेकडील फिल्टर कॉफीत आणि अनेक स्वस्त इन्स्टंट कॉफींतही चिकोरी मिसळलेली असते. चिकोरी हे एका वनस्पतीचे भाजून दळलेले मूळ आहे. तिच्यात कॅफिन नसते, पण ती काळपट रंग, दाटपणा आणि कडवट-गोड चव देते. आपल्याकडील अन्नसुरक्षा नियमांनुसार अशा मिश्रणात कॉफी किमान 51 टक्के असावी लागते आणि चिकोरीचे प्रमाण पाकिटावर छापावे लागते. त्यामुळे समोर कॉफीचे मोठे नाव असलेल्या पाकिटात जवळजवळ निम्मी चिकोरीही असू शकते, आणि ते नियमाला धरूनच असते. चिकोरीला मी भेसळ म्हणत नाही; दुधाच्या कॉफीत ती खुलते. परंतु नवशिक्याने 80 टक्के कॉफी आणि 20 टक्के चिकोरी असलेल्या मिश्रणापासून सुरुवात करावी, म्हणजे कॉफीची स्वतःची चव ओळखीची होते. दुधाशिवाय पिणार असाल तर चिकोरी अजिबात नको.

जायफळाची कॉफीच आवडत असेल, तर तिच्यासाठी इन्स्टंट कॉफी पुरेशी आहे आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. फक्त पूड दुधाबरोबर उकळत ठेवू नये. दूध उतरवल्यावर कॉफी घालावी आणि जायफळ अगदी शेवटी किसावे.

ताजी दळलेली कॉफी घ्यायची असेल तर साधन आधी ठरवावे, कारण दळण साधनाप्रमाणे बदलते. स्टीलच्या किंवा पितळी फिल्टरला बारीक पूड लागते. वरच्या सच्छिद्र भांड्यात ती हलकेच दाबून गरम पाणी ओतले की दहा-पंधरा मिनिटांत खाली डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, उतरते. दुधाची कॉफी पिणाऱ्याला यापेक्षा स्वस्त आणि टिकाऊ साधन मिळणार नाही. दुधाशिवाय पिणाऱ्यासाठी फ्रेंच प्रेस (दांड्याची जाळी खाली दाबून कॉफी गाळायचे भांडे) सोपा आहे : रव्यासारखे जाडसर दळण, 15 ग्रॅम कॉफीला साधारण 225 ते 240 मिलिलिटर पाणी, आणि चार मिनिटे. कॉफीसाठी पाणी 90 ते 96 अंशांदरम्यान असावे असे सांगतात. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर असल्याने आपल्याकडे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळते. त्यामुळे गॅस बंद करून जेमतेम अर्धा मिनिट थांबले तरी पुरते, थर्मामीटरची गरज पडत नाही.

पाकिटावर कॉफी भाजल्याची तारीख आहे का, हे मी किमतीच्याही आधी पाहतो. दळलेली कॉफी उघडल्यावर दोन-तीन आठवड्यांत तिचा सुगंध बराच उतरतो, आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत तर पूड लवकर मऊ पडते. म्हणून सुरुवातीला 100 किंवा फार तर 250 ग्रॅमचे पाकीट आणावे आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, ओट्याच्या उष्णतेपासून दूर ठेवावे. फ्रीजमध्ये ठेवू नये. ती ओल आणि इतर पदार्थांचे वास पटकन घेते.

पाकिटावरच्या भारतीय नावांची ओळख असली की निवड सोपी होते. ‘प्लँटेशन ए’ म्हणजे धुऊन तयार केलेल्या अरेबिकाच्या मोठ्या बिया. ‘पीबेरी’ म्हणजे फळात नेहमीच्या दोन चपट्या बियांऐवजी आलेली एकच गोलसर बी. 2019 साली कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुडनगिरी आणि अराकू खोऱ्याची अरेबिका व वायनाडची रोबस्टा यांना भौगोलिक मानांकन मिळाले. सतराव्या शतकात सूफी संत बाबा बुदान यांनी येमेनमधून सात बिया आणल्या अशी आख्यायिका बाबाबुडनगिरीच्या ज्या डोंगरांशी जोडलेली आहे, तिथलीच कॉफी आज पाकिटावर स्वतःच्या नावाने येते, याचे मला फार अप्रूप वाटते. (आपल्या महाराष्ट्रातही चिखलदऱ्याच्या परिसरात कॉफीची लागवड आहे.) दुधाशिवाय पिणाऱ्या नवशिक्याला मी चिकमगळूरची मध्यम भाजलेली अरेबिका सुचवतो.

प्रमाणाचेही भान हवे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2015 साली निरोगी प्रौढांसाठी दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत आणि गर्भवतींसाठी 200 मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन सुरक्षित मानले आहे. यात चहातले कॅफिनही धरावे लागते, आणि दिवसाला चार-पाच वेळा चहा घेणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे विसरू नये. शरीरातले निम्मे कॅफिन कमी व्हायला साधारण पाच तास लागतात. म्हणून संध्याकाळनंतर मी कॉफी सुचवत नाही.

पहिले पाकीट संपत आले की साधन, प्रमाण आणि दूध तेच ठेवून फक्त कॉफीचा प्रदेश बदलावा. चिकमगळूरनंतर अराकूची अरेबिका आणावी. दुधाची कॉफी पिणाऱ्याने त्याच भाजणीत वायनाडच्या रोबस्टाचे प्रमाण जास्त असलेले मिश्रण घेऊन पाहावे. बाकी सर्व तसेच असल्यामुळे चवीतला फरक कॉफीचाच आहे, हे खात्रीने कळते.