हातावर मारा, बाई

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या माझ्या एकशिक्षकी शाळेत पहिली ते चौथी एकाच खोलीत बसते. पहिलीला गिरवायला देऊन चौथीचा भागाकार फळ्यावर मांडेपर्यंत दुसरी जागेवरून उठलेली असते. तरी छडी मी कधी ठेवली नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 शारीरिक शिक्षेला मनाई करतं आणि मानसिक छळालाही. हे दुसरं बैठकांत कुणी बोलत नाही. मीही विसरले होते.

जूनमध्ये भिंतीवर चांदण्यांचा तक्ता लावला. वेळेवर आलं की चांदणी, गृहपाठाला चांदणी, दहा झाल्या की पेन्सिल. दोन महिने वर्ग फुलला होता. तपासणीला आलेल्या साहेबांनी तक्त्याचा फोटो काढला. मुलांचं वाचन ऐकायला त्यांना वेळ नव्हता. पुढे मुलं प्रत्येक कामाआधी विचारू लागली, "बाई, हाका स्टार मेळटलो?" म्हणजे, याला स्टार मिळणार का? शाळेतल्या आहाराच्या, पावभाजीच्या ताटल्या आपणहून उचलणारी मुलगीसुद्धा! मग मी नियम वाढवला, चूक झाली की चांदणी काढायची. तिथे चुकलं माझं.

मार्च, काजूचे दिवस. चौथीतला एक मुलगा सलग तिसऱ्या दिवशी अर्धा तास उशिरा आला. त्याच्या नऊ चांदण्या झाल्या होत्या. मी नववी नखाने सोलायला घेतली, तसा तो पुढे आला आणि हात पसरून म्हणाला, "बाई, स्टार काडूं नाकात. हातार मारात." स्टार काढू नका, हातावर मारा.

तळहात काळा पडला होता. पहाटेपासून आईबरोबर बोंडू, म्हणजे काजूची फळं, गोळा करून बिया पिरगळत होता तो. चिकाने पेरांवरची कातडी सोलवटलेली, अंगठ्याशी लाल भेग. त्या हातावर मारा म्हणत होता.

बैठकीत सांगितलं, तर एक सहकारी म्हणाले, "बघा, मुलांनाच छडी हवी असते." मला हे मुळीच पटत नाही. मार दोन मिनिटांत संपतो, चांदणीची रिकामी जागा वर्गाला रोज दिसते. पोराने हा हिशेब केला होता. पेन्सिल तर मी कधीही दिली असती, आणि उशीर का झाला हे पहिल्याच दिवशी विचारता आलं असतं.

काढण्याचा नियम त्याच दिवशी बंद केला. त्याच्या रांगेत नवव्या घरातला कागद मात्र चांदणीबरोबर निघून आलाय. मी दोनदा नवी लावून बघितली, तिथे चिकटत नाही.