बावीसशे रुपयांचा डबा

आमच्या पतसंस्थेनं गेल्या दिवाळीच्या सुमारास सात कम्प्युटर काढून टाकले. चांगले चालू होते. पण १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. आमचे सगळे तिसऱ्या पिढीचे आय-फाइव्ह, २०१२च्या आसपासचे. त्यातला एक मी बावीसशेला मागून घेतला आणि रिक्षात घालून घरी आणला. हे दारातच म्हणाले, "भंगार आणलंस व्हय गं?"

मला उत्तर देता येईना, कारण कशासाठी आणला ते मलाच माहीत नव्हतं.

रविवारी भाचा आला. उघडून बघितलं तर आत पंख्यावर धुळीची गोधडी. ब्रशनं झाडली, रॅमच्या पट्ट्या काढून सोनेरी दातांवर खोडरबर फिरवला. एसएसडी, म्हणजे वेगानं चालणारी डिस्क, नवीन टाकली, ती जवळपास कम्प्युटरच्याच किमतीची पडली. त्यावर लिनक्स मिंट घातलं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टिम. मला सवय व्हायला चार दिवस लागले.

मग भाच्याला उत्साह चढला. त्यानं पाय-होल नावाचं जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर बसवलं. घरातल्या कुठल्याही मोबाइलनं एखाद्या वेबसाइटचा पत्ता विचारला की तो प्रश्न आधी ह्या डब्याकडे यायचा, आणि पत्ता जाहिरातवाल्यांचा असला की डबा हात वर करायचा. आठवडाभर मजेत गेला. मग एका दुपारी लाइट गेली, आली, आणि घरातलं इंटरनेट मात्र आलंच नाही. डबा काळ्या पडद्यावर 'एफ-वन दाबा' म्हणून हटून बसला होता. आतला घड्याळाचा सेल, तो रुपयाएवढा सीआर २०३२, मेलेला. तोवर ह्यांची मॅच संपली होती. सेल तीस रुपयांत आला, पण पाय-होल मी काढूनच टाकलं. शिवाय भाच्याकडच्या मीटरवर डबा नुसता बसून तीस वॅट खात होता. चोवीस तास ठेवला तर महिन्याला एकवीस-बावीस युनिट. जाहिराती हाकलायला एवढी वीज? नको.

खरा उपयोग सापडला तो मागची बाजू पुसताना. तिथं तीन भोकं होती, हिरवं, गुलाबी आणि निळं. निळं म्हणजे लाइन-इन, बाहेरच्या यंत्राचा आवाज आत घ्यायचं. माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपला ते नाहीच. आणि माळ्यावर अण्णांचा डेक होता, आणि बिस्किटांच्या दोन पत्र्याच्या डब्यांत एकशे अठरा कॅसेट.

पहिल्यांदा मी वायर गुलाबीत घातली. सगळा आवाज फाटका आला. ते माइकचं, तिथं आवाज आधीच मोठा करून घेतात. निळ्यात घातल्यावर आवाज स्वच्छ, पण मागं सतत 'हूंऽऽ'. डेक एका बोर्डावर आणि कम्प्युटर दुसऱ्यावर होता. दोन्ही एकाच एक्स्टेन्शनवर लावले आणि हूं गेली. डेकचं हेड स्पिरिटनं पुसलं तर कापसाला चहासारखा तपकिरी रंग आला.

कॅसेट भरायला घाई करता येत नाही. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस, आणि तेवढा वेळ ती वाजलीच पाहिजे. म्हणून मी डबा स्वयंपाकघराच्या दारात टेबलावर ठेवलाय. ऑडॅसिटी ह्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये लाल बटण दाबायचं आणि भाकरीचं पीठ मळायला घ्यायचं. 'खट्ट' झालं की हात पुसून बाजू बदलायची. तासाभराचं रेकॉर्डिंग साधारण सहाशे एमबी होतं, फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाज न बिघडवता फाइल लहान करणाऱ्या प्रकारात घातलं की निम्म्याच्या आसपास येतं. जुनी पाचशे जीबीची हार्ड डिस्क आतच ठेवलीय, सगळ्या कॅसेट मावून उरेल. आवाजातली खरखर काढायची सोय आहे, पण मी ती वापरत नाही. त्यानं माणसं बादलीत तोंड घालून बोलल्यासारखी वाटतात. खरखर राहू दे.

बऱ्याच कॅसेट सांगली आकाशवाणीवरून भरलेल्या कीर्तनांच्या. अण्णा रेडिओसमोर टेप ठेवून भरायचे, त्यामुळे बुवांच्या मागं आमचा कुत्रापण आहे. पण चौदा कॅसेट मामाच्या निघाल्या. मामा मस्कतला होता. फोन परवडायचा नाही, म्हणून तो कॅसेटवर बोलून पाठवायचा आणि आजोळी सगळे त्याच कॅसेटच्या मागच्या बाजूला उत्तर भरायचे. परत येताना मामानं त्या बॅगेत घालून आणल्या, आणि आमच्या घरी कधी आल्या ते कुणाला आठवत नाही.

मस्कत लांब, म्हणून आजी टेपमध्ये ओरडून बोलते. ऑडॅसिटीतला आवाजाचा मीटर लालच्या वर जातो. मी इनपुट कमी करून बघितला, पण फरक पडेना. मूळ टेपवरच आवाज फाटलाय. "म्हस व्यालीय रंऽऽ" हे तिनं तीनदा सांगितलंय, ऐकू गेलं की नाही कोण जाणे. मामा आता अठ्याहत्तरचा आहे. त्याला मी एमपी-थ्री करून पेन ड्राइव्ह दिला. त्यानं ऐकला, आणि म्हशीचं पुढं काय झालं ते सगळं सांगितलं, आजीबद्दल मात्र काही बोलला नाही. उरलेल्या कधी देतेस, एवढं तेवढं विचारलं.

त्रेचाळीस झाल्यात. परवा आजोळची एक चालू होती आणि मी आत वरणाचा कुकर लावला होता. तिसरी शिट्टी झाली, गॅस बंद केला. उघडला तर डाळ टचटचीत. त्यातली एक शिट्टी मामीच्या कुकरची होती, १९८६ची.