काळ्या मातीवर आर्टिफिशियल गवत : बेस, जॉइंट झाला, पहिला पाऊसही झाला

तर मंडळी, अपडेट द्यायचं होतं कधीचं. बेस झाला, गवत अंथरलं, जॉइंट बसला, आणि मृगाची पहिली जोरदार सर आली तेव्हा अंगणात कुठंच पाणी थांबलं नाही. आता सिलिका सँडचा (पात्यांच्या मुळाशी भरायची बारीक रेती) दुसरा हात आणि संत्र्याच्या आळ्याभोवतीचा काठ, एवढंच राहिलं.

नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगते. घर नागपुरात मानेवाड्याकडं, समोरचं अंगण 20 बाय 13 फूट, आधी खरं लॉन होतं पण एप्रिल लागला की बोअर आटायला लागतो आणि मे मध्ये पारा 45 च्या वर गेला की सकाळ-संध्याकाळ पाणी देऊनही ते जळायचंच. 13 फूट हे माप सोयीचं आहे कारण आर्टिफिशियल गवताचा रोल 2 मीटर म्हणजे साडेसहा फूट रुंद येतो, दोन रोल शेजारी टाकले की अंगण भरलं. काठ कापण्यात इंचभर जातं, ते कंपाउंडच्या बाजूला गिट्टीची पट्टी ठेवून भरून काढलं.

आता मुख्य गोष्ट. व्हिडिओत सगळे गवतावरच बोलतात, पात्याची उंची किती एमएम, किती शेड, वगैरे, पण नागपुरात हे काम करायचं असेल तर पैसा आणि मेहनत आधी खाली घाला. आपली माती काळी, बेसाल्टची झीज होऊन झालेली, तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते, ती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून बोट जाईल अशा भेगा पडतात. तिच्यावर नुसती रेती पसरून गवत टाकलं तर एका पावसाळ्यात वर-खाली होऊन जाते, मग गवत कितीही महागाचं असो, लाटा दिसतातच.

म्हणून साधारण 8 इंच खोदलं. बाबा सब्बल घेऊन आणि मी फावडं-घमेलं घेऊन. शेजारचे काका रोज कंपाउंडवरून बघायचे, एक दिवस म्हणाले, "काहून एवढं खोदून राहिली पोरी, गवतच टाकायचं आहे ना?" मी म्हटलं काका, उन्हाळ्यात तुमच्या ओट्याला भेग पडते ना, तेच टाळून राहिलो आम्ही. दुसऱ्या दिवसापासून तेच येऊन सूत धरायला लागले.

खोदताना मोथा (गाठींचं चिवट तण) निघाला आणि इथं मी खूप वेळ दिला. हराळीचा वरचा पसारा ओढला की दिसतो तेवढा तरी येतो पण मोथ्याच्या गाठी खाली बारीक दोऱ्यावर जपमाळेसारख्या ओवलेल्या असतात, एक ओढली की दोरा तुटतो आणि बाकीच्या आतच राहतात. त्याचा कोंब एवढा टोकदार की प्लॅस्टिकच्या कापडातूनही वर येतो. माती चाळून हातानं वेचल्या सगळ्या, कंटाळवाणं काम आहे पण याला पर्याय नाही.

मग थर असे. सगळ्यात खाली जिओटेक्स्टाइल, म्हणजे मातीवर अंथरायचं मजबूत कापड, त्यानं खालची माती वरच्या थरात घुसत नाही. त्यावर 4 इंच मुरूम, ओला करून दाबलेला. ही आयडिया आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांच्या कामावरून घेतली, काळ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकटून राहणाऱ्या मातीचा थर दिला की खालची माती शांत राहते असं त्यांनी दाखवलं, कालव्यांच्या अस्तरीकरणात ते वापरतात. तिथं थर बराच जाड असतो, अंगणाला तेवढा परवडत नाही, पण मला तत्त्व पटलं. मुरूम पाणी पटकन सोडत नाही म्हणून उतार मुरमालाच दिला, घराकडून कंपाउंडकडं 13 फुटांत 2 इंच, पाण्याची नळी लावून लेव्हल घेतली. त्यावर 3 इंच 20 एमएमची गिट्टी आणि सगळ्यात वर इंचभर चुरी (दगडाचा बारीक चुरा). पाणी गवतातून, चुरीतून, गिट्टीतून खाली येतं आणि मुरमावरून घसरत कंपाउंडलगतच्या भोकांच्या पाइपात, तिथून बाहेर नालीत. खालच्या मातीपर्यंत फारसं जातच नाही, आणि माती ओली-कोरडी झाली नाही तर फुगणार कशाला.

कॉम्पॅक्टर (थर दाबायचं मशीन) भाड्यानं मिळतो, तो घ्याच. कोपरे धुम्मसानं. चुरी दाबताना थोडं पाणी शिंपडा, कोरडी चुरी मशीनखाली पळते. शेवटी लांब अॅल्युमिनियमची पट्टी फिरवून बघितलं, जिथं खालून उजेड दिसला तिथं मूठभर चुरी टाकून परत दाबली.

गवत 35 एमएमचं घेतलं. 50 चं दुकानात भारी वाटतं पण लांब पातं लवकर आडवं पडतं. सॅम्पल मागा, उलटं करून घडी घाला आणि टाके किती जवळ आहेत बघा, एक झुबका जोरात ओढून बघा, हातात आला तर ते दुकान सोडा.

रोल आदल्या दिवशी उन्हात पसरून ठेवला, वळ्या आपोआप निघतात. दोन्ही रोलची पाती एकाच दिशेला हवी, नाहीतर जोड कितीही बारीक असला तरी दोन रंग दिसतात. जॉइंट पहाटे उजाडता उजाडता केला कारण ऊन चढलं की गवत ताणतं आणि गोंदही टेपवर पसरायच्या आत घट्ट होतो. दोन्ही काठांचे तीन-तीन टाके मागच्या बाजूनं कटरनं कापले, टाक्यांच्या दोन ओळींच्या मधून, पातं न कापता. मग दोन काठांमध्ये तेवढंच अंतर ठेवलं जेवढं टाक्यांच्या दोन ओळींत असतं, माझ्या गवतात 3/8 इंच. चिकटून ठेवले तर उंचवटा येतो, लांब ठेवले तर भांग पडल्यागत रेघ दिसते. खाली फूटभर रुंद टेप, त्यावर गोंद, एक-एक वीत दाबत जायचं आणि मध्ये अडकलेली पाती बोटांनी वर काढत राहायची. हे शेवटचं काम माझ्या आईनं केलं, एवढ्या बारकाईनं की आता जोड कुठं आहे ते मलाही शोधावं लागतं.

गरमीचं बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून स्पष्ट सांगते, तापतं, लय तापतं. नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाचे नऊ दिवस) दुपारी इन्फ्रारेड थर्मामीटर लावला तर साठच्या वर. पाणी मारलं की थंड होतं पण ते उडून गेलं की परत तेच. त्यामुळं दुपारी मुलांना अनवाणी सोडू नका, मी मार्च ते जून ग्रीन नेट बांधणार आहे. समोर आरशासारखी काच असलेली खिडकी असेल तर आणखी सांभाळा, परावर्तित ऊन एका जागी पडून पाती वितळतात. आणि कूलरचं पाणी गवतावर सोडू नका, बोअरच्या पाण्यातला क्षार कूलरमध्ये आणखी घट्ट होतो आणि सुकला की पांढरा थर बसतो.

संत्र्याच्या झाडाभोवती मात्र चांगलं मोठं आळं उघडं ठेवलं. त्याच्या मुळांना हवा-पाणी मिळायला हवं आणि अंगणात थोडी खरी माती असावीच असं मला मनापासून वाटतं, गांडुळं असतात, पाखरं येतात.

सिलिका सँड चौरस मीटरला 5 किलो धरली, म्हणजे माझ्या 24 चौरस मीटरला 120 किलो. अर्धी टाकून खराट्यानं पात्यांच्या उलट्या दिशेनं घासली, उरलेली उघडीप मिळाल्यावर, कारण ओली रेती पात्यांवरच चिकटून बसते, खाली उतरत नाही. तान्ह्या पोळ्याला (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी) कॉलनीतली पोरं लाकडी नंदी घेऊन येतात, तोवर आळ्याचा काठही करायचा आहे. मी कडाप्पाच्या पट्ट्या उभ्या लावायचा विचार करून राहिली, कोणी गोल आळ्याला लावल्या असतील तर तुकडे किती लांबीचे कापले ते सांगा.